लाल दिवा दिसला, मग जहाज कुठे चाललंय? एका कॅडेट युनिटच्या अभ्यास-साहित्याची केस

पहिल्या रात्रीच्या सेशनला मुलं धक्क्याच्या टोकाला बसली होती, लाइफ जॅकेट घालून, आणि समोर अंधारात दोन पांढरे दिवे दिसत होते, डावीकडचा जरा खाली, उजवीकडचा वर, आणि त्यांच्या खाली एक लाल. आमचे चीफ, म्हणजे नौदलातून रिटायर झालेले मुख्य इन्स्ट्रक्टर, एवढंच म्हणाले, "ते जहाज कुठल्या बाजूला चाललंय? तोंडाने नको, हात करून दाखवा." बावीस कॅडेट, वय १२ ते १६, आणि साधारण निम्मे हात उजवीकडे गेले, काही डावीकडे, दोन-तीन जणांनी शेजारच्याचा हात बघून आपला हात बदलला, आणि एकाने सरळ आपल्या छातीकडे बोट दाखवलं, म्हणजे आपल्याकडेच येतंय. जहाज डावीकडे चाललं होतं. पाच मिनिटांनी ते सगळ्यांना दिसलंच.

ह्यात वाईट वाटायची गोष्ट अशी की दोनच आठवड्यांपूर्वी ह्याच मुलांनी दिव्यांवरचा पेपर दिला होता आणि जवळजवळ सगळ्यांना चांगले मार्क होते. पेपर मीच काढला होता. साहित्यही मीच गोळा केलेलं. युनिटमध्ये माझं काम तेवढंच, मी समुद्रावर नोकरी केलेली नाही, मी स्वयंसेवक म्हणून अभ्यासाची बाजू बघते, नोट्स, चार्ट, व्हिडिओ, टेस्ट वगैरे. म्हणून ही केस एका अर्थी माझीच आहे, आणि ती मी जशी घडली तशी लिहितेय कारण नवीन युनिट सुरू करणारे लोक पहिला प्रश्न हाच विचारतात की साहित्य कुठून मिळेल. साहित्य मिळतं हो. ढिगाने मिळतं.

आमच्याकडे काय होतं ते सांगते. शेअर केलेल्या फोल्डरमध्ये साठेक फाइली. सागरी टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम, ज्यांना सगळे कोलरेग म्हणतात, १९७२ साली ठरले आणि १९७७ पासून लागू झाले, त्यांची पूर्ण प्रत, आज त्यात ४१ नियम आहेत. दिव्यांचा भाग नियम २० ते ३१, तो वेगळा काढलेला. सिग्नलच्या झेंड्यांचा तक्ता. गाठींचे व्हिडिओ. होकायंत्राचे ३२ पॉइंट. बोफर्ट स्केल, वाऱ्याचा जोर ० ते १२. बोटीच्या भागांची नावं, रँकचे बिल्ले, ध्वनीसंकेत, सगळं. प्रत्येक कॅडेटला स्पायरल बाइंडिंग केलेली झेरॉक्स फाइल दिली होती आणि ती बघून मला स्वतःलाच फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

तर त्या रात्रीनंतरच्या रविवारी मी काहीच शिकवलं नाही. एकेका मुलाला बाजूला घेऊन विचारलं, लाल बघितल्यावर तुझ्या डोक्यात काय आलं. पाठ झालेलं वाक्य सगळ्यांकडे होतं, पोर्ट म्हणजे डावं, पोर्टला लाल, स्टारबोर्डला, म्हणजे उजव्या बाजूला, हिरवा. चुकलेल्यांच्या डोक्यातला रस्ता मात्र साधारण एकच निघाला. फाइलमधल्या चित्रात जहाज वरून काढलेलं होतं, पक्ष्याला दिसेल तसं, बो, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, कागदाच्या वरच्या बाजूला, लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे. मूल कागद हातात धरतं तेव्हा जहाजाचं डावं तेच त्याचं डावं असतं. समुद्रावर तसं कोणी जहाज बघत नाही. समोरून सरळ येणाऱ्या जहाजाचा लाल आपल्या उजव्या हाताला दिसतो आणि हिरवा डाव्या हाताला, म्हणजे चित्राच्या बरोब्बर उलट, आणि आडवं जाणारं जहाज असेल तर एकच बाजू दिसते, लाल दिसला तर ते आपल्या डावीकडे चाललंय, हिरवा दिसला तर उजवीकडे. हे वाक्य साठ फाइलींमध्ये कुठेही नव्हतं! नियमांच्या पुस्तकात ते नसणारच, तिथे दिवा कुठे बसवायचा आणि किती अंशांतून दिसला पाहिजे एवढं असतं, बघणाऱ्याने त्यातून काय समजायचं हे शिकवणाऱ्याने सांगायचं असतं.

आणि माझा पेपर? त्यात तेच वरून काढलेलं चित्र दिलं होतं, दिवे कोरे ठेवून, "रंग भरा." मुलांनी रंग भरले. मी मार्क दिले.

एक मुलगा मजेशीर निघाला. तो म्हणाला, "मॅडम, लाल म्हणजे थांबायचं ना, सिग्नलसारखं." ह्याला हसू नका, कारण अर्ध्या वेळा हे चालतं. नियम १५ प्रमाणे दोन इंजिनवाली जहाजं एकमेकांना आडवी येत असतील तर ज्याच्या स्टारबोर्डला दुसरं जहाज आहे त्याने वाट द्यायची, आणि उजवीकडून आडवं येणारं ते जहाज तुम्हाला आपली लाल बाजूच दाखवत असतं. डावीकडून आडवं येणारं हिरवी दाखवतं, म्हणजे तुम्ही आपला मार्ग आणि वेग तसाच ठेवायचा. छान जुळतंय. पण तोच लाल तुमच्या पोर्ट बोच्या बाजूला दिसला तर ते जहाज बहुतेक लाल-ला-लाल करत शेजारून निघून जाणार असतं, तिथे सिग्नल समजून थांबलात किंवा भलतीकडे वळलात तर उगाच गोंधळ. ह्या मुलाला मी चूक दिली नसती तर बरं झालं असतं असं आता वाटतं, तो एकटाच दिव्याकडे बघून काय करायचं ह्याचा विचार करत होता.

खणायला बसलेच होते तर बाकीची फाइलपण तपासली, आणि झेंड्यांचं पान उघडल्यावर मी कपाळाला हात लावला. आंतरराष्ट्रीय संकेतातले अक्षरांचे २६ झेंडे, रंगीत पीडीएफ, पण आमची झेरॉक्स काळी-पांढरी. एच हा झेंडा उभा अर्धा पांढरा अर्धा लाल, त्याचा अर्थ जहाजावर पायलट, म्हणजे बंदरात वाट दाखवणारा माणूस, आहे. के हा उभा अर्धा पिवळा अर्धा निळा, अर्थ मला तुमच्याशी संपर्क साधायचाय. झेरॉक्समध्ये दोन्ही डावीकडे फिकट आणि उजवीकडे काळपट. ई, जो वर निळा आणि खाली लाल असतो, तो नुसता एक राखाडी चौकोन. मुलांनी काय केलं असेल? पानावरची जागा पाठ केली. दुसऱ्या ओळीतला तिसरा म्हणजे अमुक. एका मुलीने मला हे अगदी सहज सांगितलं, तिला त्यात काही गैर वाटत नव्हतं, पेपरमध्ये तेच पान यायचं ना.

गाठींचं प्रकरण थोडक्यात सांगते. बोलाइन सगळ्यांना यायची, खुर्चीच्या पायाभोवती, समोर बसून, व्हिडिओत जशी होती तशी. स्वतःच्या कमरेभोवती बांधा म्हटलं की दोरी हातात घेऊन नुसते बघत बसायचे, कारण पाण्यात पडलेल्याला दोरी फेकली तर तो व्हिडिओतल्या माणसासारखा समोर बसलेला नसतो. आमच्याकडचे डावखुरे दोघं तर व्हिडिओच्या आरशातल्यासारखी उलटी गाठ मारत होते आणि आपलं चुकतंय म्हणून लाजून दोरी खिशात घालायचे. गाठ पक्की बसत होती त्यांची, तक्रार करायचं कारणच नव्हतं, पण हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

आता चीफ आणि माझ्यात वाद झाला. चीफचं म्हणणं, कागद गुंडाळून ठेवा, चार रात्री धक्क्यावर बसवा, आपोआप येईल, आम्ही असंच शिकलो. माझं म्हणणं, चार रात्री मिळणार कुठून, भरती-ओहोटी, हवामान, पालकांची परवानगी, बोटीची वेळ, हे सगळं जुळून महिन्यातून एखादी रात्र मिळते आणि त्या रात्री समोरून काय जाईल ते आपल्या हातात नसतं. त्यांचं बरोबर होतं की डोळ्याला दिवाच दिसला पाहिजे, कागदावरचा ठिपका नको. पण समुद्राच्या भरवशावर अभ्यासक्रम चालत नाही हेही खरं. शेवटी ठरलं की अंधार आपण तयार करायचा. हॉलच्या खिडक्यांना काळे कागद लावले आणि मुलांनाच जहाज केलं.

पहिला प्रयत्न फसला आणि तो कसा फसला हे मला ह्या सगळ्या केसमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डाव्या हातात लाल जिलेटीन कागद लावलेला टॉर्च, उजव्या हातात हिरवा, कपाळाला हेडलॅम्प म्हणजे मास्टहेड लाइट, डोलकाठीवरचा पांढरा दिवा. पाच मिनिटांत तीन गोष्टी कळल्या. टॉर्चचा झोत सरळ एका रेषेत जातो, बाजूने बघणाऱ्याला काही दिसतच नाही. मूल मान वळवून मित्राकडे बघतं आणि मास्टहेड लाइट भलतीकडे फिरतो, म्हणजे जहाज उत्तरेला आणि डोलकाठी पूर्वेला. आणि तिसरी गोष्ट एका कॅडेटने दाखवली, सातवीतली असेल, ती म्हणाली, "मॅडम, मी हिच्या उजव्या बाजूला उभी आहे तरी मला लाल दिसतोय." खरंच की. खऱ्या जहाजावर साइडलाइटला, म्हणजे बाजूच्या लाल-हिरव्या दिव्याला, आडोसा असतो, तो सरळ समोरपासून आपल्या बाजूच्या आडव्या रेषेच्या थोडा मागेपर्यंतच दिसतो, ११२.५ अंश. हा आकडा सगळ्यांना पाठ होता, मलाही. पण हा आकडा म्हणजे पुठ्ठा कुठे कापायचा ते, असं त्या दिवसापर्यंत कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

मग पुठ्ठ्याची जहाजं. गळ्यात अडकवायचा एक मोठा पुठ्ठा, पुढे टोक काढलेला, त्यावर छोटे एलईडी, आणि प्रकाश पसरावा म्हणून प्रत्येक एलईडीवर अर्धा कापलेला पिंगपाँगचा बॉल, ही आयडिया मुलांचीच. आडोसा किती अंशांवर कापायचा ह्यासाठी मी कोनमापक काढत होते तर चीफ म्हणाले, राहू दे ते. त्यांनी एक गोल कागद घेतला, अर्धा दुमडला, परत अर्धा, परत, परत, परत, पाच वेळा. उघडला तर ३२ पाकळ्या. "हे तुमचे होकायंत्राचे ३२ पॉइंट. एक पॉइंट सव्वा अकरा अंश. साइडलाइट दहा पॉइंट, मास्टहेड वीस, मागचा स्टर्नलाइट बारा." मुलांनी मोजलं, दहा पाकळ्या लाल, दहा हिरव्या, दोन्ही मिळून वीस, म्हणजे जेवढ्या भागात मास्टहेड दिसतो तेवढाच, आणि उरलेल्या बारा मागच्या. ११२.५, २२५, १३५ हे तीन आकडे वेगवेगळे पाठ केलेली मुलं पहिल्यांदा म्हणाली की अरे, हे तर एकच वर्तुळ आहे. मागून येणाऱ्याला फक्त स्टर्नलाइट का दिसतो आणि फक्त तोच दिसत असेल तर आपण ओव्हरटेक करणारे का ठरतो, नियम १३, हे मग सांगावंसुद्धा लागलं नाही, एकाने दुसऱ्याच्या मागे जाऊन बघितलं आणि झालं.

हॉलमधला खेळ साधा. दोन-तीन "जहाजं" अंधारात हळू चालणार, बाकीचे भिंतीला टेकून बसणार, शिट्टी वाजली की सगळ्यांनी हात करून दाखवायचं, मग लाइट लावून खरं काय ते बघायचं. बोलायचं नाही, कारण बोललं की हुशार मुलं आधी बोलतात आणि बाकीचे मान डोलवतात. पहिल्या दिवशी हात तसेच इकडे-तिकडे, तिसऱ्या रविवारपर्यंत बहुतेक हात एकाच बाजूला जायला लागले. मास्टहेडचे दोन दिवे लावले तेव्हा आणखी सोपं झालं. ५० मीटर किंवा त्याहून लांब जहाजाला दोन लावावेच लागतात, पुढचा खाली, मागचा वर. खालचा ज्या बाजूला तिकडे बो. पहिल्या रात्री आम्हाला हेच तर दिसत होतं, डावीकडचा खाली होता, लाल न बघताही उत्तर आलं असतं.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही बेअरिंगवर, म्हणजे दुसरं जहाज आपल्याला कुठल्या दिशेला दिसतंय ह्यावर, घालवला आणि तो वेळ वाया गेला नाही. नियम ७ सांगतो की येणाऱ्या जहाजाचं होकायंत्रातलं बेअरिंग ठळकपणे बदलत नसेल तर टकरीचा धोका आहे असं धरा. वाक्य सोपं आहे आणि ह्यातून मुलांना शून्य कळतं. चीफनी दोघांना हॉलच्या दोन भिंतींकडून एका कोपऱ्याकडे चालायला लावलं, प्रत्येकाने समोरच्याकडे हात लांब करून धरायचा, तोंड मात्र सरळ आपल्या रस्त्याकडे. "हात हलतोय का बघत चला." पहिल्या जोडीचा एकाचा वेग जास्त होता, त्याचा हात हळूहळू मागे सरकत गेला आणि दोघं आरामात एकमेकांना चुकले. दुसऱ्या जोडीचे हात हललेच नाहीत. दोघं तसेच हात ताठ धरून, एकमेकांकडे बघायचं नाही म्हणून समोर बघत, चालत राहिले आणि खांद्याला खांदा धडकून थांबले, पुठ्ठ्याचं टोक मोडलं, सगळा हॉल हसला. त्यानंतर "हात हलत नाहीये" हा आमच्याकडे वाक्प्रचारच झालाय, जेवणाच्या रांगेत दोघं एकदम घुसले तरी मुलं तेच म्हणतात.

एक सावधगिरी मात्र सांगावी लागली. समोरचं जहाज फार मोठं असेल, किंवा टो, म्हणजे मागे काही ओढत नेत, असेल, किंवा अगदी जवळ आलेलं असेल तर हात हलत असला तरी धोका असू शकतो, हे नियम ७ मध्येच लिहिलंय. हे सांगितलं नसतं तर एक नवीन चुकीचं पाठांतर आम्हीच तयार केलं असतं.

कागदाचं काय केलं? बरंच काढून टाकलं. कॅडेटच्या हातातली फाइल आता दहा पानांची आहे आणि त्यातलं झेंड्यांचं पान रंगीत आहे, महाग पडतं, म्हणून दोघांत एक. झेंड्यांची कार्डं सुटी केली आणि रोज पिसतो, त्यामुळे जागा पाठ करायची सोयच नाही. नियमांची पूर्ण प्रत कपाटात एक ठेवली, शंका आली की काढून वाचायची, आणि गंमत म्हणजे आता ती जास्त वाचली जाते. दिव्यांच्या टेस्टमध्ये वरून काढलेलं चित्र बंद केलं, काळा कागद, त्यावर दोन किंवा तीन रंगीत ठिपके, आणि प्रश्न दोनच: कुठे चाललंय, आणि आपण काय करायचं. मार्क खाली आले. काही पालकांनी विचारलं की आधी एवढे चांगले मार्क होते, आता काय झालं. त्यांना हॉलमध्ये बोलावून भिंतीला टेकून बसवलं, शिट्टी वाजवली, हात करा म्हटलं. पुढे कोणी विचारलं नाही.

मोबाइलवरचं क्विझपण करून बघितलं होतं मध्ये, चार पर्यायांचं. दोन दिवसांत मुलांना कळलं की सगळ्यात लांब पर्याय बहुतेक बरोबर असतो. ते माझंच चुकलं, पर्याय मीच लिहिले होते. बंद केलं.

दुसरी रात्र मिळाली ती जवळजवळ दोन महिन्यांनी. तोच धक्का, तेच जॅकेट, ह्या वेळी चीफनी विचारायच्या आधीच हात वर व्हायला लागले होते. एक मालवाहू गेलं, हिरवा दाखवत, सगळे हात उजवीकडे. एक छोटी बोट नुसता पांढरा दाखवत लांब जात होती. मी मनात जरा सुखावले होते तेवढ्यात उजवीकडून काहीतरी आलं ज्यात वर हिरवा, त्याच्या खाली पांढरा, आणि बरंच खाली एक लाल.

दोघं-तिघं एकदम म्हणाले, "लाल पण हिरवा पण, समोरून येतंय!" आणि हात छातीकडे आले. काही हात अधांतरी. मी चीफकडे बघितलं, ते मुद्दाम दुसरीकडे बघत होते. मग ती सातवीतली, आडोशाची चूक पकडणारी, सावकाश म्हणाली, "नाही, साइडलाइट पांढऱ्याच्या वर कसा असेल? आपल्या पुठ्ठ्यावर तर पांढरा वर असतो. वरचा हिरवा वेगळाच काहीतरी आहे. लाल तेवढा साइडलाइट धरा, मग डावीकडे चाललंय." आणि तिने हात केला.

ती ट्रॉलर होती, हिरव्याखाली पांढरा म्हणजे जाळं ओढतेय, नियम २६, आणि इंजिनवाल्या बोटीने तिच्या वाटेतून बाजूला राहायचं, नियम १८. चीफनी सांगितलं तेव्हा ती मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, हे आपल्या पुठ्ठ्यावर नव्हतं." नव्हतंच. हिरवा गोल एलईडी, सगळीकडून दिसणारा, आडोसा नको, मी तिथेच मोबाइलवर लिहून घेतलं, आणि खाली लिहिलं, लाल-पांढरापण, जाळं ओढत नसलेल्या मासेमारीच्या बोटीसाठी. चीफ म्हणाले, "आता बेअरिंग बघा तिचं." बावीस हात परत लांब झाले.